एक्केचाळीस विहिरींची वही

तुम्ही चोर आहात, साहेब. मानपत्राच्या तिसऱ्या ओळीत तुम्ही माझी सगळी उमर उचलून नेलीत आणि वर मला शाल पांघरून टाळ्या वाजवल्यात. ती ओळ मला पाठ झाली आहे. 'जन्मतःच लाभलेल्या दैवी देणगीच्या बळावर.' त्या बळाची हकिकत तुम्ही विचारली नाहीत, म्हणून मीच सांगते. मी सातवी पास. पुढचं लिहिणं माझं मी शिकले. एखादा शब्द वाकडा पडला तर तो माझा, पण हकिकत सरळ आहे.

सत्याऐंशी सालचा वैशाख. सकाळचे सात वाजले असतील. आमच्या ढवळखडी वाडीच्या देवळापुढे मी अनवाणी उभी होते. पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता आणि अख्खं गाव माझ्या पायांकडे बघत होतं.

"चाल की अंजिरा," विलासतात्या म्हणाले. "ऊन तापायच्या आत मोकळं करू मशीनवाल्याला."

विलासतात्या आमचे सरपंच. त्यांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि देवळासमोरच्या फरशीपुढची जागा आदल्या दिवशीच सारवून, रांगोळी घालून, नारळ मांडून ठेवली होती. मी अजून एक पाऊल टाकलं नव्हतं आणि जागेची पूजा तयार होती.

देवळामागे बोअरची गाडी उभी होती. आमच्या वाडीला एकच बोअर मंजूर झालं होतं. लागलं तर लागलं, नाहीतर गाडी पुढच्या गावाला जाणार आणि आमची पाळी परत कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं. बायका मार्गशीर्षापासून तीन मैलांवरच्या तळ्यातून हंडे वाहत होत्या. माझ्या थोरल्या बहिणीचं डोकं चुंबळीच्या जागी टक्कल पडल्यासारखं झालं होतं.

आणि जागा दाखवायची होती मी, कारण मी पायाळू. डोक्याऐवजी पाय आधी बाहेर येऊन जन्मलेलं मूल. त्याच्या तळव्याला जमिनीखालचं पाणी कळतं असं आमच्याकडे मानतात, तुमच्याकडेही मानतात हे आता मला ठाऊक झालं. लहानपणी ढग गडगडले की मला कणगीमागे घोंगडीखाली कोंबायचे, कारण पायाळूवर वीज पडते. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो येऊन आमच्या ओट्यावर पालथा पडायचा आणि मी त्याच्या कमरेत लाथ घालायची. आठ वर्षांची असताना मी हेडमास्तरांना लाथ घातली आहे. ते उठून म्हणाले, "बरं वाटतंय गं." दुसऱ्या दिवशी मला भागाकार आला नाही म्हणून त्यांनीच छडी मारली. त्या बाबतीत मात्र ते सरळ माणूस.

नऊ वर्षांची असताना मी याच देवळापुढून जाताना थबकले होते. पाय वर उचलून, डोळे मिटून, दात आवळून उभी राहिले. बघणाऱ्यांनी बघितलं. "पोरीचा पाय लागला," असं झालं, आणि ती गोष्ट तेरा वर्षं वाडीत टिकली. तिथं विहीर काढायला कुणाकडे ताकद नव्हती एवढंच. आता सरकारची गाडी आली होती. गावाला काही विचारायचंच नव्हतं. माझा पाय तिथे पुन्हा एकदा थबकायचा, एवढाच कार्यक्रम होता.

माझ्या काखेत एक पिशवी होती. पिशवीत वही होती. वही दुसरंच सांगत होती.

वहीचं सांगते. दहा वर्षांची असताना म्हादू कुंभाराने मला त्याच्या परड्यात चालवलं. मला काही कळत नव्हतं, पण सगळे वाट बघत होते, तर मी कंटाळून एका जागी उभी राहिले. म्हादूने आणि त्याच्या दोन भावांनी तिथे अख्खा उन्हाळा खणलं. आठ परस खाली गेले, माणसावर माणूस उभा केला तर आठ माणसं. कोरडं. म्हादूची बायको मला एका शब्दाने बोलली नाही. मी त्यांच्या दारावरून गेले तर तिने मला बोलावून भाकरीवर चटणी दिली. ती भाकरी मी वाटेत शेरडाला घातली.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. शेरडं घेऊन हिंडायचे आणि बघायचे. चैत्रात कुठलं गवत मागे राहतं. उंबर कुठे आपोआप येतो. वारूळ कुठे आहे. मग विहिरींत उतरायला लागले. पायऱ्या असल्या तर पायऱ्यांनी, नसल्या तर दोराला धरून. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मग मऊ मांजऱ्या खडक, मग तांबड्या गेरूचा पट्टा. पाझर कुठून येतो, किती परसांवर, कुठल्या महिन्यात आटतो. सगळं वहीत. बाराव्या वर्षी पहिली विहीर लिहिली, बाविसाव्या वर्षी एक्केचाळीस झाल्या होत्या. लोकांनी जागा विचारली की मी वही आठवून जागा ठरवायची आणि मग अनवाणी चालून पाय थरथरवायचा. थरथरवायला फार छान यायचं मला.

आणि रोज वाटायचं की मी लबाड आहे. देवाने मला पायात काहीतरी दिलं आणि मी ते कुठेतरी हरवून बसले. खऱ्या पायाळूला वही लागेल कशाला.

देवळाच्या अंगाला तीन विहिरी होत्या, तिन्ही वहीत होत्या. तिन्हींत अखंड काळा पाषाण, केसाएवढीही भेग नाही. खाली ओढ्याच्या वळणावर पाच विहिरी. पाचही त्या वर्षी आटलेल्या, पण पाचही विहिरींत गेरूच्या पट्ट्याच्या वरून ओल आलेली दिसत होती, आणि तो पट्टा वळणाकडे उतरत गेलेला. उतार धरून हिशेब केला तर ऐंशी फुटांवर पाणी मिळायला हवं होतं.

म्हणजे एकीकडे माझी वही होती आणि दुसरीकडे नऊ वर्षांची असतानाचा माझाच पाय.

"थांबा तात्या," मी म्हणाले. "मला जरा घरी जाऊन येऊ द्या."

"आत्ता?"

"आत्ता."

"अगं, मुहूर्त हाय."

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "जाऊ द्या, पोरीला लघवी लागली असंल." लोक हसले आणि मला वाट मिळाली.

आई दारात बसली होती. रिकामा हंडा पालथा घालून त्यावर. ती गर्दीत आली नव्हती. माझ्या असल्या कुठल्याच चालण्याला ती कधी आली नाही, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

"झालं एवढ्यात?" ती म्हणाली.

"आई, तिथं पाणी न्हाई. देवळापुढं."

"मग सांग तसं."

"कसं सांगू? माझाच पाय थबकला होता म्हणत्यात. आई, त्या दिवशी मला काटा बोचला होता. बाभळीचा. एवढा लांब. रडले तर तू मारशील म्हणून गप उभी राहिले."

मग मी सगळंच बोलून टाकलं. बारा वर्षं गिळलेलं एकदम बाहेर आलं. "मला पायात कधी काय कळलं न्हाई. एकदासुद्धा न्हाई. मुंग्या येत न्हाईत, गार लागत न्हाई, काय न्हाई. मी बघून सांगते. मी सगळ्यांना फसवते."

"ठाव हाय मला," आई म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"तू पायाळू न्हाईस."

तिने रस्त्याकडे एकदा बघून घेतलं आणि मला खाली बसवलं.

"डोक्यानं आलीस तू. चांगली सरळ आलीस. तुझ्या आधी दोघी पोरी. तुझ्या आज्जीनं आधीच बोलून ठिवलं व्हतं, तिसरी मुलगी झाली तर आपल्या भावाकडं देऊन टाकायची, त्याला ल्योक ना ल्येक. बाळंतपणाच्या खोलीच्या दाराबाहीर उभी व्हती म्हातारी. सुईणीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हणलं, काकू, काय बी सांगा पर पोर माझ्याजवळ राहू द्या. तर तिनं दार उघडलं आन म्हणली, मुलगी हाय, पर पायाळू हाय. म्हातारीनं लगीच तुला मांडीवर घ्येतलं."

"मग आजवर सांगितलं का नाहीस?"

"म्हातारी जिती व्हती तवर कसं सांगू?"

"ती जाऊन सहा वर्षं झाली."

आईने पदराने हंड्याची कड पुसली. ती स्वच्छच होती. "तू त्या विहिरींमागं लई जोरात लागली व्हतीस. म्हणलं, हिच्या पायातलं काढून घ्येतलं तर ही हिंडायची थांबंल."

"मी भीतीनं हिंडत होते, आई."

"व्हय. दिसत व्हतं की."

"तुला काय दिसत होतं? वही तरी बघितलीस का कधी?"

"मला कुठं वाचाया येतंय. पर तू उतरल्याली एकूण एक विहीर मला म्हाईत हाय. तुझ्या परकराचा गेरू कुणी धुतलाय?"

मला वाटलं होतं मी रडेन. मला हसू आलं. ओट्यावर बसून मी खिदळत राहिले आणि आई म्हणत राहिली, "गप, कुणी ऐकंल." पाठीवर दगडाची पाटी घेऊन बारा वर्षं चालत होते आणि कुणीतरी मागून ती अलगद उतरवली, असं वाटलं. माझं काही हरवलेलं नव्हतं. देवाने मला काही दिलंच नव्हतं, तर हरवणार काय. जे होतं ते माझं होतं आणि ते पिशवीत होतं.

"माझ्या चपला कुठं आहेत?"

"आता? समद्यांसमोर?"

"आई."

तिने पायानेच हंड्यामागच्या चपला माझ्याकडे सरकवल्या.

मी चपला घालून देवळापुढे आले. तात्यांची नजर पहिली तिकडेच गेली.

"ह्ये काय?"

"चपला."

"ते दिसतंय मला. पायाला कसं कळायचं मग?"

"पायाचं राहू द्या, तात्या. ओढ्याच्या वळणावर, पडक्या विहिरीच्या वर वीस पावलं. तिथं घ्यायचं बोअर. इथं खाली सगळा पाषाण आहे. वही बघा."

तात्यांनी वही हातात घेतली नाही. "वही काय बघायची? तू हितं थबकली व्हतीस. समद्या गावानं बघितलंय."

"काटा बोचला होता मला."

"आं?"

"बाभळीचा काटा. त्या जागेला पाण्याचा काही संबंध न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं. धोंडाईकाकू, देवळाच्या पायरीवर बसणारी म्हातारी, हात जोडून म्हणाली, "देवीनंच ठिवला असंल गं त्यो काटा, तुला थांबवाया." माणसं माना डोलवायला लागली. तेव्हा मला कळलं की मी काहीही बोलले तरी ते पायालाच जाऊन चिकटणार.

तेवढ्यात गाडीवाला पुढे आला. तो तामिळनाडूचा, सेल्वम नावाचा. अंगभर पांढरी धूळ. त्याच्या हातात एक मळका कागद होता.

"पॉइंट कुठं, अम्मा? जागा कुठली? टाइम नाही. आणि इकडे सही पाहिजे. पॉइंट देणार त्याची सही. पाणी नाही आलं तर नंतर माझ्याशी भांडण नको."

तात्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "कर सही. देवळापुढचा पॉइंट."

"माझी सही हवी असेल तर माझी जागा," मी म्हणाले. "देवळापुढं घ्यायचं असेल तर तुम्ही सही करा. तुमचं नाव लिहा, विलास बाबू शेळके, आणि खाली जागा लिहा. मी काही म्हणणार न्हाई."

साहेब, तो कागद तात्यांच्या हातात किती वेळ होता ते मी सांगू शकत नाही. त्यांनी तो वाचला. उलटा करून बघितला. खिशातून चष्मा काढून परत वाचला. माझ्या पायावर त्यांचा एवढा विश्वास होता, पण स्वतःचं नाव त्याखाली लिहायची वेळ आली तेव्हा हात उचलेना.

"बाईमाणसाला काय कळलं असंल तर ते बी बघाया पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "वळणावर घ्या."

मी सही केली. 'अंजिरा सोपान ढोबळे, ओढ्याचं वळण.' आणि कागद सेल्वमच्या हातात दिला.

गाडी वळणावर लागली. एकदा त्या मशीनचा आवाज सुरू झाला की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आधी पिवळा मुरूम उडाला. मग करडी धूळ. सेल्वमचा माणूस दर दांड्याला खडूने रेघ मारायचा. ऐंशी फूट झाले. मी धुळीत हात घालून बघितला. कोरडी, पिठासारखी. नव्वद. कोरडी. शंभरला गर्दीतले अर्धे पुरुष सावलीला गेले. बायका गेल्या नाहीत. त्या रिकामे हंडे घेऊन उन्हात तशाच उभ्या होत्या आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ते बघण्यापेक्षा वाईट. म्हादूची बायको त्यांत होती.

तात्या माझ्या कानाशी ओरडले, "देवळापुढं घ्येतलं असतं तर!"

मी वही उघडून उतार परत मोजला. उत्तर तेच येत होतं, ऐंशी. एकशे पाच झाले, एकशे दहा झाले. सेल्वमने मला बोटाने विचारलं, थांबवू? मी मान हलवली, नको.

एकशे बाराला धूळ तांबडी झाली. मी मूठ भरली तर मूठ मिटलेलीच राहिली, माती उधळली नाही. ओल होती. मी सेल्वमकडे बघितलं, तर तो दांडा धरून आधीच हसत होता. एकशे अठराला पाणी वर आलं. आधी गाळ, मग तांबडं, मग सेल्वमच्या डोक्यावरून ओढ्यात पडणारा पांढरा फवारा.

मी अडतीस फुटांनी चुकले होते, साहेब. ज्याला देणगी असते तो अडतीस फुटांनी चुकत नसावा. मी घरी जाऊन ते वहीत लिहिलं: पट्ट्याचा उतार वळणानंतर वाढतो. पुढे त्या एका ओळीने मला सात बोअर दिली.

पण ती पुढची गोष्ट. त्या क्षणी बायका आत घुसल्या. म्हादूच्या बायकोने पहिला हंडा भरला, तो तसाच घेऊन माझ्यापुढे आली आणि खाली बसली. माझ्या चपला तिने स्वतःच्या हाताने काढल्या आणि त्या पाण्याने माझे पाय धुतले. मी पाय ओढत होते, ती सोडत नव्हती. "माझी विहीर न्हाई लागली तवा ह्या लेकराचं त्वांड एवढंसं झालं व्हतं," असं काहीतरी ती म्हणत होती. मी ओरडून सांगितलं, "मी पायाळू नाही." मशीन चालू होतं. कुणालाही ऐकू गेलं नाही. सेल्वमने तेवढं माझे ओठ हललेले बघितले आणि अंगठा दाखवला.

ऐकू गेलं नाही ते बरंच झालं. आई होती तोवर तिची ती एक लबाडी मी झाकून ठेवणार होते. माझं काम झालं होतं. संध्याकाळी मी थाळीभर आमटी-भात जेवले आणि झोपले, आणि वीज कडाडली तरी घोंगडीखाली गेले नाही.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. वहीच्या जागी आता सहा वह्या आहेत, दोनशे चौदा विहिरी आणि बोअर. त्यांतली एकसष्ट मी स्वतः दाखवलेली. एकसष्टांतली सतरा कोरडी गेली. तीही लिहिलेली आहेत, कुणाच्या रानात आणि का ते धरून. देणगीच्या गोष्टीत ही सतरा कधी येत नाहीत.

मानपत्र द्यायच्या आधी तुम्ही माझ्या घरी दोनदा आलात. चहा घेतलात. पाय दाखवा म्हणालात, फोटो काढलात, पायांचा. वह्या टेबलावर तुमच्या कपाखाली होत्या.

समारंभात तुम्ही भाषणात म्हणालात, असं दान लाखात एखाद्यालाच असतं. समोर शाळेच्या मुली बसल्या होत्या. त्यांतल्या चौघी वर्षभर दर रविवारी माझ्याबरोबर विहिरींत उतरत होत्या. त्यांच्या वह्या मीच आणून दिल्या होत्या. समारंभानंतरच्या रविवारी दोघीच आल्या. उरलेल्या दोघींनी वह्या परत पाठवल्या. एकीच्या वहीत चिठ्ठी होती. 'मावशी, आमच्यात कुणी पायाळू नाही. आई म्हणते उगाच ऊन का लावून घेतेस.'

त्या वहीत अकरा विहिरी होत्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

मानपत्र या पाकिटात परत पाठवते आहे. शाल ठेवून घेतली, थंडीत लागते. सोबत त्या मुलीची वही आहे. बाराव्या विहिरीचं पान कोरं आहे. तुमचं म्हणणं खरं असेल तर त्या पानावर तसं लिहा, की पोरी, तुझ्यात ते नाही, तू उतरू नकोस. लिहिता येत नसेल तर तेही लिहा. आणि खाली तुमचं पूर्ण नाव घाला, सेल्वमच्या कागदावर मी घातलं तसं.

पॉइंट तुम्ही दिला आहे, साहेब. सही कधी करताय?